चार नंबरचा ढीग

आमची बेबीताई भुताखेताला बिलकुल मानत न्हाई. अमावास्येला कचरा डेपोच्या फाटकापाशी कुणी उतारा टाकून गेलं तर त्यातलं लिंबू उचलती, धुती अन् सरबत करून पिती. नारळ असला तर फोडून आम्हा सगळ्यांना वाटती. अशी बाई. पण चार नंबरच्या ढिगाला ती कुणाला हात लावू देत न्हाई अन् स्वतःबी लावत न्हाई. काऊन, ते तिला ठाऊक अन् मला ठाऊक. आजवर मी तोंडाला कुलूप घातलं होतं. आता मन खाऊन राह्यलंय, म्हणून सांगतो.

मी रामकिसन. परतूर अन् आष्टीच्या मधी आमचं गाव, चार-सहा वर्षांखाली नगरपंचायत झालेलं. मी घंटागाडी चालवतो. गाणं लावून गल्लीगल्लीनं फिरतो, अन् लोक बकेटी घेऊन असे धावत येतात की वाटावं पाहुणाच आला. हिरव्या बकेटीत ओला कचरा, निळ्या बकेटीत सुका. ओला सगळा जातो गावाबाहेरच्या डेपोवर, बेबीताईकडं. बेबीनंदा तिचं नाव. बचत गटाची अध्यक्ष. गावाच्या खरकट्याचं खत करायचं काम नगरपंचायतीनं तिच्या गटाला दिलंय. त्याच्या आधी ती लोकांच्या रानात कापूस वेचायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा प्रितम पुण्याला कंपनीत हाय. सातवी शिकलेली बाई, पण खताचं असं बराबर समजतं तिला की तालुक्याहून साहेब आले तर तेच वही काढून लिहून घेतात.

गाडी रिकामी झाली की सगळा माल सिमेंटच्या ओट्यावर पसरायचा. बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहून प्लास्टिक, काच, चमचे काढतात. मंग ढीग लावायचा. एक थर खरकट्याचा, एक थर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या भुग्याचा, वरून शेणकाला. आठवड्याला ढीग पलटायचा, ते काम धर्मराजचं. ढिगात एक लोखंडी सळई कायम खुपसलेली असती. ती उपसून बेबीताई तळहाताला लावती. सळई गरम निघाली की म्हणायचं, ढिगाला ताप आलाय, काम चालू हाय. सव्वा-दीड महिन्यानं ताप उतरतो, सळई गार पडती, मंग चाळून पोती भरायची.

त्या ओट्यावर अख्खं गाव दिसतं राव. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचा उपास, कुणाकडं बाळंतीण, सगळं. बेबीताईचं एक म्हणणं होतं. जेवत्या घराचा कचरा म्हणजे सालटं, देठं, बिया. शिजवलेलं जसंच्या तसं आलं की समजायचं, त्या घरात काहीतरी बिनसलंय. हे ती आम्हाला सांगायची, पण बाहेर एक शब्द बोलू द्यायची न्हाई. त्याला कारण होतं. गटातली तृप्ती एकदा बोलून गेली, की अमक्याच्या बकेटीत कोंबडीची हाडं होती, अन् ते तर माळकरी. झालं! गावभर बोभाटा. दोन गल्ल्यांनी महिनाभर कचरा आमच्या गाडीत टाकला न्हाई, नाल्यात टाकला. तेव्हापासून बेबीताईनं नियम केला, कचऱ्यातलं कचऱ्यात. जो बोलंल त्यानं घरी बसायचं. नियम चांगलाच होता. लोकांनी भरवशानं त्यांचं उष्टं आपल्या हातात द्यावं अन् आपण त्याचा डांगोरा पिटावा, हे काय माणसाचं काम हाय का?

राममंदिराच्या गल्लीत नरहर मास्तर राहायचे. आमच्या शाळेत त्यांची बदली झाली ती नोकरीच्या शेवटाला. माझी संध्या त्यांच्याकडंच चौथी शिकली. म्हणजे आज तेवीस वर्षांची हाय ती, उन्हाळ्यापासून माझ्याच घरी हाय, जाफराबादच्या सासरच्यांनी आणून सोडलेली. ते पुढं येईलच. मास्तरांची बायको रमाबाई त्याच उन्हाळ्यात वारली. मुलगा वरद अन् सून श्रद्धा दोघं जालन्याला नोकरीला. सकाळी पहिली गाडी धरायची अन् दिवस मावळता परत यायचं. पण पोरं गुणाची. सून पहाटे उठून सासऱ्याचा स्वयंपाक झाकून जायची. कुणी नाव ठेवावं असं त्या घरात काही नव्हतं.

मास्तर रोज स्वतः बकेट आणून द्यायचे. धुतलेली, पुसलेली, झाकण बराबर. रोज एकच वाक्य. "ओला वेगळा आहे बरं का, रामकिसन. मिसळू नकोस." मी म्हणायचो, "न्हाई मास्तर, तुमचा कसा मिसळंल?" अन् बकेट गाडीत उपडी करायचो. आत काय हाय हे मी कधी बघितलं न्हाई. बघायची गरजच काय?

आषाढात एक दिवस बेबीताईनं मला ओट्यापाशी बोलावलं. तिच्या हातात पेपरची पुडी होती. चौकोनी, काटकोनात घडी घातलेली, शेवटचा कोपरा आत खुपसलेला. दोरा न्हाई, टाचणी न्हाई, पण सुटायचं नाव नको. तिनं ती उघडली. आत दोन पोळ्या, दुधीची भाजी, मूठभर भात, लिंबाची फोड. कशाला हात लावलेला नव्हता.

"रोज येतीया," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. हे बघ, कागदावर शब्दकोडं सोडवलेलं हाय. कुणाचं अक्षर हे?"

अक्षर मी वळखलं. निळ्या शाईचं, मोत्याच्या दाण्यासारखं. मी म्हणालो, "मास्तरांचं."

"भाऊ, ते जेवत न्हाईत मंग."

"खातेत असतील की बाकीचं. सून जास्तीचं करून ठेवत असंल."

"जास्तीचं असं पुडीत बांधून टाकतं का कुणी? हे लपवून टाकलेलं हाय. कुत्र्याला घातलं तर शेजारी बघतील, म्हणून पुडीत घालून आपल्याला देतेत. त्यांच्या पोराला सांगावं का?"

आता मी माझ्या जिभेची गोष्ट सांगतो. माझ्या जिभेला हाड न्हाई. मायनं लहानपणी सांगितलं होतं, रामकिसन, तुझं तोंड तुला एक दिवस खाईल. त्या दिवशी ऊन होतं, गाडीचा पट्टा तुटला होता, डोकं फिरलेलं होतं. मी तिला म्हणालो, "ताई, नियम कुणी केला? तूच ना? कचऱ्यातलं कचऱ्यात. तृप्तीला एक न्याय अन् तुला दुसरा का? मोठ्या घरचा मामला हाय. उद्या म्हणतील, कचरेवाले आमचं उष्टं चाचपून बघतात."

पुडीतलं अन्न तिनं ढिगात टाकलं, वर भुगा टाकला. तो ढीग चार नंबरचा.

मंग रोज पुडी येत राह्यली. ती रोज उघडायची, रोज त्याच ढिगात टाकायची, अन् माझ्याकडं बघायची. मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो. सकाळी मास्तर बकेट द्यायचे तेव्हा मात्र आता मी बघायला लागलो होतो. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. सदऱ्यात माणूस हाय का सदराच चालून राह्यला, असं वाटायचं. एकदा तोंडाशी आलं होतं, "मास्तर, जेवता ना?" पण ते म्हणाले, "ओला वेगळा आहे बरं का," अन् मी म्हणालो, "व्हय मास्तर," अन् गाडी पुढं घेतली. एवढंच बोलायचं होतं मला. चार अक्षरं. ती निघाली न्हाईत तोंडातून. एरवी हे तोंड बंद होत न्हाई बघा!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर गेले. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं. तिरडीला खांदा द्यायला मीबी होतो. उचलली, अन् खांद्याला वजनच लागंना. इतकं हलकं माणूस मी कधी उचललं न्हाई. रिकामी शिडी खांद्यावर घ्यावी तसं. माझ्या पुढं वरद होता. त्यालाबी कळलं असणार.

तेराव्याला मी गेल्तो. वरदनं माझा हात हातात घेतला अन् म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत नीट जेवत होते, रामकिसनभाऊ. आम्ही संध्याकाळी यायचो तर त्यांचं ताट घासून पालथं घातलेलं असायचं रोज. श्रद्धाला त्यांनी ताटसुद्धा घासू दिलं नाही." त्याला तेवढाच आधार होता. मी मान हलवली.

डेपोवर येऊन मी हे बेबीताईला सांगितलं. ती ऐकत होती, अन् एकदम मटकन खालीच बसली. "ताट घासायचे?" ती म्हणाली. "अरे देवा, ताट घासायचे! घरच्यांना ताट दिसत होतं, अन्न कुणालाच दिसत न्हाई. ते फक्त मला दिसत होतं. जगात एकट्या मला." अन् रडली. नवरा गेला तवा ही बाई माणसांत रडली नव्हती म्हणतात.

त्या दिवसापासून चार नंबरचा ढीग पलटायचा न्हाई, चाळायचा न्हाई, असं तिनं सांगून टाकलं. धर्मराज कुरकुरला, पण ऐकलं. अन् मंग ते सुरू झालं. ढिगाची मुदत भरली तरी सळई गरम. दसरा आला, तरी गरम. ह्याच्याबरोबरच लावलेला पाच नंबरचा ढीग गार पडून त्याची पोती शेतात गेलीसुद्धा, अन् ह्याला ताप तसाच. साहेब म्हणाले, न पलटलेल्या मोठ्या ढिगाला होतं असं कधी कधी, आत दबून राहती उष्णता. असंल. पण बेबीताई रोज सकाळी आल्याबरोबर सळई उपसायची, तळहाताला लावायची अन् हळूच म्हणायची, "अजून उपाशी हाय."

मला घरीबी चैन पडंना. ताटावर बसलो की मास्तर दिसायचे, सरकलेलं घड्याळ दिसायचं. गाडी राममंदिराच्या गल्लीत वळली की मी गाणं बंद करून टाकायचो. अशा वेळी माणसानं जरा नरम व्हावं की न्हाई? पण माझं उलटं झालं. आतली आग कुणावर तरी निघायची. दिवाळीच्या पाडव्याला जावई संध्याला न्यायला येईल अशी आम्हाला आशा होती. कशाचं काय! कुणी फिरकलं न्हाई. शेजारपाजारचे विचारून राह्यले. मी गाडी धुऊन घरात आलो अन् पोर समोर दिसली. मी बोलून गेलो, "खायला काळ अन् भुईला भार होऊन बसलीय."

ती काही बोलली न्हाई. मला वाटलं, ऐकलंच नसंल.

त्याच्या चार-पाच दिवसांनी ओट्यावर तृप्ती किंचाळली. मी धावलो. तिच्या हातातून पडलेली पुडी ओट्यावर होती. चौकोनी. काटकोनात घडी. शेवटचा कोपरा आत खुपसलेला.

धर्मराजनं टिकाव खाली ठेवला अन् चपला काढल्या, देवळात आल्यासारख्या. म्हणाला, "मास्तर आले." माझी तर पाचावर धारण बसली. मी म्हणालो, "नारळ आणतो. ढिगापाशी दहीभात ठेवू. मास्तरांची काहीतरी इच्छा राह्यली असंल." दुसऱ्या दिवशी परत पुडी. तिसऱ्या दिवशी परत. मी सकाळी राममंदिराच्या गल्लीत नीट बघितलं, वरदच्या बकेटीत पुडी नव्हती. तरी ओट्यावर पुडी! तृप्ती कामाला यायची बंद झाली. मी खरंच नारळ घेऊन गेल्तो. बेबीताईनं तो माझ्या हातातून हिसकला.

"बंद कर हे," ती म्हणाली. "भूत जेवण टाकत न्हाई. टाकायला आधी कुणीतरी वाढावं लागतं. हे जित्तं माणूस हाय कुणीतरी. अजून जित्तं हाय."

तिचा चेहरा असा झाला होता की मला तिचीच भीती वाटली. तिनं पुडीतली भाकर घेतली, मोडून बघितली, वास घेतला. भाकरीची एक कड करपलेली. सोबत अंबाडीची भाजी, कारळ्याची चटणी. "कागदावर कोडं न्हाई," ती म्हणाली. "हे घर दुसरं हाय. ज्वारीची भाकर खाणारं. ह्या वेळी मी नियम मोडणार. गावातलं एकेक दार वाजवीन. पण जल्दी करावी लागंल, मास्तरांनी दोन महिने काढले, हे माणूस किती काढंल कुणाला माहीत."

मी म्हणालो, "हजार घरं हायती ताई."

दुपारी आम्ही शेडमधी जेवायला बसलो. मी डबा उघडला. माझं लक्षच नव्हतं. बेबीताई माझ्या शेजारी बसली होती, तिचा घास हातातच राह्यला. ती उठली, ओट्यावरून पुडी आणली अन् माझ्या डब्याच्या बाजूला उघडून ठेवली.

माझ्या डब्यात कालचीच अंबाडीची भाजी. कारळ्याची चटणी. भाकरीची एक कड करपलेली, आमचा तवा एका बाजूनं बसलाय म्हणून.

"भाऊ," ती म्हणाली, "तुझ्या घरात कोण जेवत न्हाई?"

मला राग आला. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. मी म्हणालो, "ताई, तोंड सांभाळ. माझं घर काढायचं काम न्हाई." ती म्हणाली, "मला मार पाहिजे तर. पण आधी घरी जा." अन् तेवढ्यात मला आठवलं, आमच्या घरची बकेट मी रोज निघताना गाडीलाच टांगतो अन् सगळ्यात शेवटी ओट्यावर उपडी करतो. माझ्याच हातानं. मास्तरांची केली तशीच.

मी पुडी उचलली अन् निघालो. गाडी कशी चालवली ते आठवत न्हाई. गाणं चालूच राह्यलं होतं, लोक भलत्या वेळी बकेटी घेऊन बाहेर आले.

बायको कापूस वेचायला गेल्ती. घरात संध्या एकटी, भिंतीला टेकून बसलेली. मोरीपाशी तिचं ताट होतं. घासून पालथं घातलेलं, अजून त्याच्यावरून पाणी निथळत होतं. मी ते उचलून सुलटं केलं. लख्ख.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"जेवले की बाबा." अशी बराबर म्हणाली, की कुणीबी फसलं असतं. रोज संध्याकाळी आईला म्हणायची, दुपारी जास्त झालं. आईबी फसली. मी तिचं मनगट धरलं. बांगडी कोपराकडं सरकत गेली.

मी पुडी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं बघितलं, अन् मान खाली घातली. मंग म्हणाली, "नरहर सरांनी शिकवलेली. चौथीत. शेवटचा कोपरा आत खुपसला की काही सांडत न्हाई."

"मास्तर अशाच पुडीत अन्न घालून टाकायचे, पोरी. मला माहीत होतं. मी बोललो न्हाई."

"मी तरी काय करू बाबा? तुम्हीच म्हणालात ना, खायला काळ."

मी खाली बसलो, पुडी उघडली अन् त्यातली भाकर मोडून तोंडात घातली. आंबूस वास मारत होती, ओट्यावरचं काहीबाही लागलेलं होतं. दुसरा घास घेतला. संध्यानं माझा हात धरला. "बाबा, काय करून राह्यलेत? कचऱ्यातलं हाय ते!"

"असू दे," मी म्हणालो. "तू टाकलेलं मी खाणार. तू रोज टाक, मी रोज खाईन. मी तोंडानं घाण केली, तोंडानंच निस्तरतो." अन् रडायला लागलो, पोरीसमोर, तोंडात घास तसाच. मी म्हणालो, "चुकलो गं माय. जीभ झडो माझी. तू भार न्हाईस. तुझ्याबिगर हे घर मला तिरडीवानी हलकं होईल."

ती माझ्या हातातली पुडी ओढून राह्यली, मी सोडत नव्हतो. बापलेकीची ओढाओढ. शेवटी तिनंच रडत रडत टोपलीतली धड भाकर आणली, अर्धी माझ्या पुढं ठेवली अन् अर्धीचा एक तुकडा तोंडात घातला. गिळता येईना तिला. पाणी प्याली. परत घातला. ती अर्धी भाकर संपायला दिवस मावळला, अन् मी तिथून हाललो न्हाई. त्या दिवशी दुपारच्या फेरीचा, अर्ध्या गावाचा कचरा उचललाच गेला न्हाई, त्याची बोलणी मी दुसऱ्या दिवशी खाल्ली.

संध्या आता बरी हाय. परतूरला शिवणकाम शिकायला जाती. कधी कधी अजून ताट घेऊन नुसती बसून राहती, तेव्हा मी माझं ताट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसतो. माझी जीभ सुटती अजून, खोटं कशाला बोलू? पण अन्नावरून न्हाई. त्याचा मी कानाला खडा लावलाय.

संक्रांतीच्या सुमाराला वरद डेपोवर आला होता. तुळशीला खत पाहिजे म्हणाला, आईनं लावलेली तुळस वाळून चालली होती. बेबीताईनं त्याला बसवलं, चहा दिला. मी दुरून बघत होतो. दोनदा तिनं तोंड उघडलं अन् दोनदा मिटलं. मंग सात नंबरच्या ढिगातलं पोतं बांधून दिलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "सांगता आलं न्हाई रे. त्याच्याकडं ते घासलेलं ताट तरी हाय. तेबी काढून घेऊ का?" अन् चार नंबरकडं जाऊन सळई उपसली, तळहाताला लावली. किती वेळ तशीच उभी होती. मी विचारलं न्हाई, गरम का गार. तिनंबी सांगितलं न्हाई.

नियम मात्र बदललाय. शिजवलेलं अन्न चार दिवस सारखं आलं, की पाचव्या दिवशी बेबीताई स्वतः गाडीत बसती अन् त्या गल्लीतली दारं वाजवती. लोक चिडतात. एका घरानं तक्रारबी केली. ती म्हणती, करू द्या.

अन् रोज सकाळी मी गाडी फाटकातून आत घेतली, की सगळ्यांच्या आधी ती मागं टांगलेली माझ्या घरची बकेट काढती. झाकण उघडती, हात घालून तळापर्यंत बघती. मी स्टेअरिंग धरून बसलेला असतो, उतरत न्हाई. गाडी तशीच चालू ठेवलेली असती, रोज.

"सालटं हायती, भाऊ," ती म्हणती. "नुसती सालटं."

मंग मी गाडी बंद करतो.